दुकानात ‘नेक्स्ट-नेक्स्ट’ दाबण्याआधी

दसरा-दिवाळीच्या सुमारास ठाण्यात गोखले रोडवर, कल्याणला शिवाजी चौकाच्या आसपास किंवा डोंबिवली स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. ईएमआयचे कागद होतात, स्क्रीन गार्ड चिकटवला जातो, जुन्या फोनमधले फोटो नव्यात जाऊ लागतात आणि तेवढ्यात काउंटरमागचा मुलगा नव्या फोनचं सेटअप उरकत असतो. “काका, ओटीपी आला का?” काका ओटीपी सांगतात. नेक्स्ट, अ‍ॅग्री, नेक्स्ट, स्किप, झालं. खोका पिशवीत, वर एक कव्हर फुकट.

या भराभर सरकलेल्या पडद्यांमध्ये एक प्रश्न असतो: फोनवर सर्च इंजिन कोणतं ठेवायचं? हा प्रश्न भारतातल्या ग्राहकाला विचारला जावा म्हणून भारतीय स्पर्धा आयोगात काही वर्षं प्रकरण चाललं, तेराशे कोटींच्या वर दंड झाला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उत्तर मात्र बऱ्याचदा दुकानातला मुलगाच देऊन टाकतो. त्याला तरी काय बोलणार, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. म्हणून पहिली सूचना दुकानापुरतीच: फोन चालू होतोय, सिम धरतंय, बिलावरचा आयएमईआय नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतोय, एवढं तिथे तपासा आणि सेटअप घरी येऊन निवांत करा. आधीच होऊन गेलं असेल तरी बिघडलेलं नाही. पुढे सांगितलेलं सगळं जुन्या फोनवरही बदलता येतं.

पण एवढा खटाटोप का करायचा, हे आधी पाहू.

स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरल्यावर नाकासमोर येणाऱ्या गाळ्याचं भाडं आतल्या गल्लीतल्या गाळ्यापेक्षा जास्त का असतं, हे डोंबिवलीकराला समजावून सांगायला नको. फोनवरची शोधपट्टी हा असाच नाक्यावरचा गाळा आहे आणि त्याचं भाडं किती, ते अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या खटल्यात उघड झालं. फोन कंपन्या, ब्राउझर आणि मोबाइल सेवा कंपन्या यांना मिळून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. २०२२ मध्ये एकट्या अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज. सफारीत तुम्ही काही शोधलंत आणि त्यावर गूगलला जाहिरातीचं उत्पन्न मिळालं, तर त्यातले ३६ टक्के अ‍ॅपलला जातात. हा आकडा गुप्त ठेवण्याची दोन्ही कंपन्यांची धडपड होती, पण तो गूगलच्याच बाजूने उभ्या राहिलेल्या अर्थतज्ज्ञाच्या साक्षीत बाहेर पडला.

‘नको असेल तर बदला की, कोणी अडवलंय?’ असा गूगलचा युक्तिवाद होता. कागदावर तो बरोबरही आहे. मात्र ५ ऑगस्ट २०२४ च्या निकालात न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवलं, तेव्हा त्यांच्यापुढे एक बोलका आकडा होता. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये बिंग आधीच लावलेलं असतं आणि तिथले जवळपास ८० टक्के शोध बिंगवरच होतात. एकूण बाजारात ज्या बिंगला कोणी फारसं विचारत नाही, तेच एका ब्राउझरमध्ये ८० टक्क्यांवर जातं, कारण ते समोर असतं. लोक बदलत नाहीत, आणि याच सवयीसाठी अब्जावधी मोजले जातात.

सप्टेंबर २०२५ मध्ये मेहता यांनी उपाय ठरवले. क्रोम विकायला लावलं नाही, पैसे देण्यावरही बंदी घातली नाही. ‘फक्त आमचंच ठेवा’ असे करार मात्र बंद केले आणि डिसेंबरमध्ये अशा करारांची मुदत एका वर्षावर आणली. माझ्या मते हा निकाल मवाळ आहे. गाळ्याचं भाडं चालूच राहणार, फक्त करारनामा दरवर्षी नवा करायचा.

आपल्याकडचं प्रकरण याआधीचं आहे आणि ते सुरू कोणी केलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. स्पर्धा आयोगातच संशोधन सहायक म्हणून काम करणारे दोन तरुण आणि एक कायद्याचा विद्यार्थी, असे तीन तक्रारदार होते. आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आक्षेपाचा गाभा असा: फोन कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलच्या अ‍ॅपची सगळी मोट घ्यावी लागायची आणि शोधपट्टी पहिल्याच पडद्यावर लावावी लागायची. दुसरं सर्च इंजिन ठेवणार नाही असं कबूल केलं, तर कमाईत वाटा मिळायचा. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि आठवडाभरात गूगलने जाहीर केलं की भारतात नव्या फोनच्या सेटअपमध्येच सर्च इंजिन निवडता येईल.

मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले. त्यातला एक तुमच्या-माझ्या थेट कामाचा होता: फोनबरोबर आलेली गूगलची अ‍ॅप काढून टाकायला आडकाठी नको, असा. तो गेला. म्हणूनच आजही अशी बरीच अ‍ॅप ‘अनइन्स्टॉल’ होत नाहीत, नुसती ‘डिसेबल’ होतात. डिसेबल केलेलं अ‍ॅप जागा अडवतं, पण चालत नाही आणि अपडेटही होत नाही. आपल्या कामापुरतं तेवढं पुरतं.

मराठी माणसाचा यात संबंध काय, असं वाटेल त्यांनी इंडस ओएस आठवून पाहावं. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तिघांनी अँड्रॉइडवर आधारलेली, मराठीसकट भारतीय भाषांत चालणारी ही प्रणाली काढली होती. मायक्रोमॅक्सच्या फोनवर ती यायची. तिचं अ‍ॅपचं दुकान पुढे फोनपेने घेतलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’ म्हणून नव्याने उघडलं. तुमच्या सोसायटीत किती जणांच्या फोनवर ते आहे, हे एकदा विचारून बघा.

आता प्रत्यक्ष फोन हातात घ्या. एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा: सर्च इंजिन एका जागी बदललं म्हणजे सगळीकडे बदललं, असं होत नाही. प्रत्येक ब्राउझरची निवड स्वतंत्र असते. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, मग सर्च इंजिन. सॅमसंगचा फोन असेल तर त्यात सॅमसंग इंटरनेट हा वेगळा ब्राउझर असतो आणि त्याची सेटिंग्ज वेगळी. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारी शोधा, त्यात सर्च इंजिन. नव्या आवृत्त्यांत सफारी ‘अ‍ॅप्स’च्या यादीत आत गेलं आहे. फोन मराठीत ठेवला असेल तर ही नावं थोडी वेगळी दिसतील, जागा त्याच.

एवढं करूनही होम स्क्रीनवरची ती लांबट पट्टी गूगलचीच राहिलेली असू शकते, कारण ती गूगलच्या अ‍ॅपची आहे, क्रोमची नाही. पट्टीवर बोट दाबून धरा, ‘रिमूव्ह’ येईल. काही फोनवर ती हलत नाही. मग तिच्याकडे दुर्लक्ष करून आपला ब्राउझर खालच्या ओळीत आणून ठेवायचा. ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर स्टार्ट मेन्यूत काही टाइप केलंत, तर उत्तर बिंगच्या वाटेने येतं, मग क्रोममध्ये तुम्ही काहीही लावलेलं असो.

निवडायचं काय? खाजगीपणासाठी गूगल सोडून बिंगवर जायचं असेल तर तसदी घेऊ नका. माहिती गोळा करणारा मालक तेवढा बदलेल. डकडकगो तुमच्या शोधांची नोंद तुमच्या नावावर ठेवत नाही, मात्र त्याचे निकाल बऱ्याच अंशी बिंगकडूनच येतात. इथेही करार सुटत नाहीत: मायक्रोसॉफ्टशी असलेल्या करारामुळे डकडकगोचा ब्राउझर इतर वेबसाइटवरचे मायक्रोसॉफ्टचे ट्रॅकर रोखत नव्हता, असं २०२२ मध्ये उघडकीला आलं आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी ते बदललं. ब्रेव्हची स्वतःची अनुक्रमणिका आहे. फायरफॉक्स चालवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न आजही शोधपट्टीची जागा गूगलला देण्यातूनच येतं. सोवळा असा यात कोणी नाही.

आणि एक खरं सांगायला हवं. ‘डोंबिवली पूर्व उद्या पाणी येणार का’ असं मराठीत टाकलं, तर माझ्या अनुभवात गूगल बाकीच्यांपेक्षा पुढे आहे. पुढे असणारच; वर्षानुवर्षं सगळ्यांचे शोध त्याच्याकडेच गेले आहेत, आणि त्यातूनच ते शिकत गेलं. या चक्रावरच तर अमेरिकेतल्या न्यायालयाने बोट ठेवलं. म्हणून कट्टरपणा नको. आजारपण, कर्ज, कोर्टकचेरी, मुलीचं स्थळ असे खाजगी शोध डकडकगोवर किंवा ब्रेव्हवर करा. दुकानाची वेळ आणि रिक्षा स्टँड गूगलवर पाहा. दोन ब्राउझर ठेवले की हे आपोआप जमतं.

इनकॉग्निटोवर मात्र भिस्त ठेवू नका. त्याने फक्त तुमच्या फोनवरचा इतिहास पुसला जातो. इनकॉग्निटोत असतानाही माहिती गोळा केली म्हणून गूगलवर अमेरिकेत दावा झाला होता आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. नवऱ्यापासून वाढदिवसाची भेट लपवायला इनकॉग्निटो ठीक आहे, त्यापलीकडे नाही.

सर्च इंजिन बदलण्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्वाचं काम गूगल खात्यात आहे. खात्याच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’ पानावर ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ उघडा. तुम्ही काय शोधलं, कोणतं अ‍ॅप कधी उघडलं याची तारीखवार यादी समोर येईल. ती एकदा शांतपणे वाचा. माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा ती जास्त पटवून देईल. मग ती नोंद बंद करा किंवा निदान तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल अशी वेळ लावा. त्याच पानावर ‘टाइमलाइन’चं सेटिंग असतं. रोज ७.४२ ची लोकल पकडणाऱ्याची घर, स्टेशन, ऑफिस ही साखळी फोनवरच्या टाइमलाइनमध्ये नीट मांडलेली असू शकते. नको असेल तर बंद करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी किंवा गूगलच्या खाली ‘अ‍ॅड्स’ असतं, तिथे जाहिरात ओळखक्रमांक पुसता येतो. लोकेशनची परवानगी बहुतेक अ‍ॅपना ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ एवढी पुरते. टॉर्चच्या अ‍ॅपला तीही लागत नाही.

यासाठी कायदा नाही का, असं कोणी विचारेल. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातली मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर सेटिंग्जचाच आधार. स्पर्धा कायद्याने मात्र एक चांगली गोष्ट मानली आहे: व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या ‘मान्य करा नाहीतर जा’ छापाच्या धोरणावर आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. पर्याय उरला नाही की माणूस वाटेल त्या अटीला हो म्हणतो, आणि ही जबरदस्ती बाजारातल्या ताकदीतून येते, हे त्यात मान्य झालं. वर्षभराने अपील न्यायाधिकरणानेही दंड कायम ठेवला.

आता आपल्या भागात खिशाला खरी चाट बसते ती कुठे, तिकडे वळतो. सर्च इंजिन कोणतंही असो, निकालांच्या माथ्यावरची जागा विकलेली असते. तिथे बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं आणि घाईत ते कोणी वाचत नाही. फ्रिज बंद पडला, गॅसचं बिल अडकलं, कुरिअर हरवलं की आपण ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि पहिला दिसेल तो फिरवतो. ठकसेनांना हे पाठ आहे. जाहिरातच लागते असंही नाही. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या: गूगल मॅप्सवर शाखांच्या माहितीत कोणीतरी स्वतःचे फोन नंबर घालून ठेवले होते. ग्राहक बँक समजून फोन करायचे आणि पलीकडचा माणूस कार्डाचे तपशील विचारायचा.

विजेचंच बघा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत महावितरण आहे. पण कळवा, मुंब्रा, शीळ भागात मार्च २०२० पासून आणि भिवंडीत त्याच्या कितीतरी आधीपासून टोरंट पॉवर काम पाहते. कळव्यातल्या घरात नव्याने भाड्याने आलेला माणूस ‘ठाणे लाइट बिल तक्रार’ असं शोधतो, त्याला दोन कंपन्या, चार वेबसाइट आणि मध्ये एखादा निव्वळ मोबाइल नंबर दिसतो. त्याच्या हातात त्याच वेळी कागदी बिल असतं, आणि त्यावर खरा नंबर छापलेला असतो. म्हणून नंबर शोधायचा तो बिलावर, बँक पासबुकाच्या किंवा कार्डाच्या मागे, वॉरंटी कार्डावर. महावितरणसाठी १९१२. महापालिकेचं काम असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या अधिकृत साइट तशाच आहेत. शोधत बसण्यापेक्षा ही पाच-सहा पानं एकदाच ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा आणि आई-बाबांच्या फोनवरही तेच करून द्या. त्यांच्यासाठी याहून मोठी मदत नाही.

फोनवर बोलणाऱ्याने एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला सांगितलं, की ‘रजिस्ट्रेशनसाठी’ १० रुपये पाठवायला सांगितले, की फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच तर आधी १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा आणि बँकेला कळवा, पोलीस ठाणं त्यानंतर. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी येतं, म्हणून इथे मिनिटं मोजावी लागतात. ठाण्यापासून कल्याण, डोंबिवली, बदलापूरपर्यंतचा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. तक्रारीला जाताना शोध-निकालाचा स्क्रीनशॉट, त्यावरची वेळ आणि फिरवलेला नंबर जवळ असू द्या. ती जाहिरात तासाभरात गायब होऊ शकते. जाहिरातीशेजारचे तीन ठिपके दाबले तर जाहिरातदाराचं नाव दिसतं आणि तिथूनच गूगलला कळवताही येतं. भामट्यांचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना नंबरावर ‘यावर फोन करू नका’ असं ठळक लिहा. तसं न लिहिल्यामुळे कोणीतरी तोच नंबर जपून ठेवतो.

शेवटचा मुद्दा नव्या करारांचा. शोधपट्टीची लढाई आता रिचार्जमध्ये आली आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटीचा महागडा प्लॅन वर्षभर फुकट दिला, ऑक्टोबर अखेरीस जिओने जेमिनीचा प्लॅन १८ महिन्यांसाठी देऊ केला, सुरुवात १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे हवंच असतं आणि वापरायला हरकत नाही. पण सर्च इंजिनला आपण दोन-चार शब्द सांगतो, तर या चॅटबॉटला अख्खी कहाणी सांगतो: रक्ताचा रिपोर्ट, पगाराची स्लिप, भाडेकराराचा मसुदा. मुलांच्या फोनवर बसून एकदा सेटिंग्ज उघडा. तुमच्या गप्पा मॉडेल शिकवायला वापरायच्या का, अशा अर्थाचा एक खटका तिथे असतो, तो बंद करा. आधार आणि पॅनचे फोटो त्यात टाकायचे नाहीत हे ठरवून टाका. मग यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी बघा, फुकट प्लॅन सुरू करताना कुठे मँडेट दिलं गेलं असेल, तर मुदत संपायच्या आठवडाभर आधीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि प्लॅन नको असेल तर ते मँडेट त्याच यादीतून रद्द करा. अ‍ॅप नुसतं काढून टाकल्याने ते रद्द होत नाही.